वर बघणारा

४ फेब्रुवारी

ताई,

पार्सल मिळालं. टेम्पोवाल्याने शेडच्या दारात ठेवलं आणि म्हणाला, "काय जड आहे हो, आत दगड भरलेत की काय?" मी म्हटलं, झाडं कापायचं मशीन आहे. पोत्याच्या तोंडाला मारलेल्या गाठी बघूनच कळलं होतं कोणाकडून आलंय. लहानपणी माझ्या बुटांच्या नाड्यांना तू अशाच गाठी मारायचीस आणि संध्याकाळी त्या सुटायच्या नाहीत म्हणून आई ओरडायची. या वेळी मी सुरी लावली नाही. अर्धा तास बसून नखांनी सोडवल्या.

सहा वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. चिठ्ठी तीन ओळींची. "खारू आता हे मशीन वापरणार आहे. होतं तसं करून दे. तुझ्या भाऊजींची शिट्टी तुझ्याकडे असेल तर तीही पाठव." कसा आहेस, जेवतोस का, काही नाही. ठीक आहे, मीही सहा वर्षांत कुठे विचारलंय. मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो, त्याला ग्रीस लावता येत नाही एवढीच अडचण.

तुझी लेक झाडं कापायला लागली हे वखारवाल्याकडून कळलं होतं. भाऊजींनी तिला पहिल्यांदा खारू म्हटलं तेव्हा ती पाच वर्षांची असेल. तुमच्या अंगणातल्या झाडावर चढून बसली होती आणि जेवायला काही केल्या खाली येईना. आता वीस पूर्ण झाली असणार. वखारवाला सांगत होता, पोरगी दोरावर अशी सरसर चढते की खाली उभं राहून बघणाऱ्याची मान दुखते. ऐकून बरं वाटलं आणि भीतीही वाटली. दोन्ही लिहून टाकतो, तुझ्यापासून काय लपवायचं.

मशीन अजून उघडलेलं नाही. टेबलावर ठेवलंय, वर फडकं टाकलंय. चेनच्या कव्हरमध्ये भुसा अडकलाय, वाळून पुठ्ठ्यासारखा झालेला. तो भाऊजी गेले त्याच दिवसाचा असणार, नंतर कोणी चालू केलंच नसेल ना. मी दोनदा फडकं उचललं आणि दोनदा परत टाकलं. मग गिऱ्हाईक आलं.

शिट्टीचं म्हणशील तर ती त्या धावपळीत कुठे पडली कोण जाणे. तेव्हाही तुला हेच सांगितलं होतं. उतारावर घोट्यापर्यंत पाचोळा, आणि वारा तरी काय सुटला होता त्या दिवशी. खारूला नवी घेऊन दे, हल्ली चांगल्या मिळतात.

माझं ऐकशील तर मशीनही नवंच घेऊ दे. भाऊजींचं म्हणून जीव अडकला असेल तर भिंतीवर टांगून ठेवा. काय ते कळव. तोवर मी हात लावत नाही.

तुझा
बारक्या


१३ फेब्रुवारी

ताई,

"करून दे." एवढंच लिहिलंस. कार्डावर जागा केवढी उरली होती. बरं, करून देतो.

आज उघडलं. मी नक्की काय करतो हे तुला कधी नीट सांगितलंच नाही. तुला वाटायचं मी मशीन दुरुस्त करतो. भाऊजी म्हणायचे, "हा चांगलं चाललेलं बिघडवतो आणि लोक रांग लावतात." ऐक. या इंजिनाला झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीत भोकं असतात, त्यांना आम्ही पोर्ट म्हणतो. काहींतून पेट्रोल आणि हवा आत येते, एकातून धूर बाहेर जातो. पिस्टन वरखाली होताना तोच ती भोकं झाकतो आणि उघडतो. कंपनीवाले सगळ्यांना चालेल असं बेतानं बनवतात. मी छोट्या ग्राइंडरने ती भोकं कोरतो. धुराचं भोक वरच्या अंगाने अर्धा मिलिमीटर उचललं की धूर जरा आधी सुटतो आणि इंजिन जास्त पळायला लागतं. जास्त उचललं तर ताकद जाते, नुसती ओरड उरते. कडा गोल करून ठेवायच्या, नाहीतर पिस्टनची रिंग अडकून तुकडे होतात. हे सगळं भोकात बोट घालून, अंदाजाने, शेवटी पॉलिश पेपर फिरवत.

या मशीनचं मी केलेलं काम आज सहा वर्षांनी बॅटरी लावून बघितलं. ताई, काम उत्तम आहे. तुझ्यासमोर शेखी मिरवायची ही वेळ नाही, पण खोटं कशाला बोलू. त्या भोकाची कड बघून मला दोन मिनिटं अभिमान वाटला आणि मग फडकं टाकून मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

आता अडचण अशी की 'होतं तसं' होत नाही. घासून काढलेला धातू परत चिकटत नाही. त्यामुळे नवा सिलिंडर आणि पिस्टन मागवलाय, आठवडाभरात येईल. सायलेन्सरही नवा. कारण जुन्याचं मी काय केलं होतं ते सांगायचंय, त्यासाठीच हे पाल्हाळ लावलं.

भोकं मोठी केली की धुराला बाहेर जायची वाटही मोठी लागते. मी सायलेन्सर उघडून आतला पत्रा कापला, पुढच्या बाजूला दुसरं तोंड पाडलं आणि परत वेल्ड केला. त्याने ताकद वाढली आणि आवाज दुप्पट झाला. भाऊजी म्हणालेही होते, "अरे, हे कापतंय की भांडतंय?" मी हसण्यावारी नेलं. त्या दिवशी त्यांना शिट्टी ऐकू आली नाही ती या आवाजाने. मी हे तुला तेव्हा सांगितलं नाही. आज सांगतो. दोष माझा आहे, माझ्या हातांचा आहे.

तू तेव्हा दारात उभी राहून म्हणाली होतीस, "मशीन मला अंगणात ऐकू येत होतं. तुझी शिट्टी नाही आली." मी म्हटलं, वारा उलटा होता. तू दार लावून घेतलंस. ते दार लागल्याचा आवाजही माझ्याकडे जपून ठेवलेला आहे.

आवाजांचं माझं काही खरं नाही आता. रस्त्यावरून एखादी स्कूटर एका ठरावीक सुरात गेली की माझी मान आपोआप वर जाते. शेडचा पत्रा बघत राहतो. पत्र्यावर काय असणार, चार खिळे. ग्राइंडर बंद केला, त्याची मोटर थांबलेली डोळ्यांना दिसते, तरी आवाज चालूच असतो, आणि तो ग्राइंडरचा नसतो. मशीन कानाने लावणं मी सोडून दिलं. फेरे मोजणारं मीटर घेतलंय, त्यावरचा आकडा बघून स्क्रू फिरवतो. जुनी गिऱ्हाइकं चिडवतात, कान गहाण टाकलेस का म्हणून. मी हो म्हणतो.

हे लिहून फार हलकं वाटतंय. आधीच लिहायला हवं होतं.

तुझा
बारक्या


२१ फेब्रुवारी

ताई,

खारू येऊन गेली. तू पाठवलं नव्हतंस हे तिने आल्या आल्या सांगून टाकलं, म्हणजे मी उगाच आशा लावून बसायला नको. चेहरा तुझा, चाल भाऊजींची. दारातून आत आली तेव्हा माझ्या हातातला पाना खाली पडला.

"मामा, तू म्हातारा झालास," म्हणाली.

"तू काय तपासणीला आलीस?"

"हो. मशीन दाखव."

सिलिंडर अजून यायचा होता. तिने सुटे भाग एकेक उचलून बघितले, न सांगता परत होते तिथेच ठेवले. अशी माणसं मला आवडतात. मग स्टुलावर बसून तिने भाऊजींचा नियम मला पाठ म्हणून दाखवला. कापणाऱ्याने खाली बघायचं, वर बघणाऱ्याने वर. वर बघणाऱ्याने पाणी प्यायचं नाही, बोलायचं नाही, खाली काहीही चालू असलं तरी नजर झाडाच्या शेंड्यावरून हलवायची नाही. शिट्टी दातात. एक लांब शिट्टी आली की कापणाऱ्याने का म्हणून विचारायचं नाही, मशीन सोडायचं आणि बाजूला व्हायचं. "बाबा मला हे झोपताना गोष्टीसारखं सांगायचे," म्हणाली.

शाळेच्या मागची सात जुनी झाडं तिला मिळाली आहेत, हे तुला माहीत असेलच. पंधरा मार्चला सुरू करणार. शेंडे वाळलेले आहेत. मी म्हटलं, वाळक्या शेंड्याचं झाड म्हणजे वर बघणारा चांगला हवा, कोण आहे?

"तू," म्हणाली.

मी स्क्रू शोधायला टेबलाखाली वाकलो. स्क्रू पडलेला नव्हता.

ती बोलतच होती. आईने तुझं पत्र मला वाचायला दिलं, म्हणाली. मशीनच्या आवाजाने बाबांना शिट्टी ऐकू आली नाही, आता तू तो आवाज काढून टाकतोयस, म्हणजे मला येईल. "आणि तू तेव्हा जीव तोडून वाजवली असशील ना, मामा. लोकांना मी रोजावर ठेवते, ते मोबाइल बघतात. माझ्यासाठी जीव तोडून शिट्टी वाजवेल असा मला दुसरा कोण मिळणार?"

मी म्हटलं, बघू.

"बघायचंच तर आहे," म्हणाली, आणि हसली. दोन्ही गालांवर खळ्या पडतात तिच्या, भाऊजींना एकाच गालावर पडायची.

ताई, तिला अडव. मामाचे डोळे अधू झालेत म्हण. मोतीबिंदू आहे म्हण, गुडघ्याचं सांग, दारू प्यायला लागलाय सांग, काहीही सांग. तू सांगितलंस तर ती ऐकेल. त्या सात झाडांखाली मी उभा राहता कामा नये.

बारक्या


१ मार्च

ताई,

तुझं कार्ड काल आलं. "तुझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही. आणि त्या दिवशी दोरीवरचे कपडे हलत नव्हते."

मी ते टेबलावर उभं करून ठेवलंय, समोर.

म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तू कपडे वाळत घालत होतीस. चादरी असतील, त्यांची टोकंसुद्धा सरळ खाली लोंबत असतील. आणि मी तुझ्याच दारात उभा राहून तुला सांगत होतो, वारा उलटा होता. सहा वर्षं तू माझ्याशी बोलली नाहीस ते भाऊजी गेले म्हणून, असं मी स्वतःला सांगत आलो. तसं नव्हतं. त्या वाऱ्यासाठी बोलली नाहीस.

वारा नव्हता. शिट्टीही नव्हती. मी वाजवलीच नाही.

आता सगळं लिहितो. मध्ये थांबलो तर परत मशीनबद्दल लिहीत बसेन, म्हणून एका बैठकीत.

भाऊजींना ते मशीन तसं नको होतं. होतं त्यावर ते खूश होते. मीच मागे लागलो, एकदा करू द्या, मग बघा. चार दिवस खपलो. पण शेडमध्ये मशीन रिकामं पळतं, त्यावरून काही कळत नाही. रिकामं पळताना पूर्ण रेसवर ते थोडं घरघरलं पाहिजे. लाकडात शिरलं, भार आला की ती घरघर जाते आणि आवाज स्वच्छ होतो. तो बदल झाला की समजायचं पेट्रोल बरोबर मिळतंय, काम जमलं. तो ऐकायला खरं झाड लागतं, जाड, आणि कापणारा असा लागतो की जो रेस हलू देत नाही. भाऊजींसारखा. म्हणून त्या दिवशी वर बघायला मी गेलो. त्यांच्या नेहमीच्या माणसाला मीच म्हटलं, आज तू सुट्टी घे. हे कोणाला माहीत नाही.

मी मशीन ऐकताना डोळे मिटतो, हे तुम्हा सगळ्यांना माहीत होतं. भाऊजी चिडवायचे, "मशीन लावतोयस की मैफलीला बसलायस?" डोळे उघडे असले की मला अर्धंच ऐकू येतं, लहानपणापासून तसंच आहे.

झाडाखाली गेल्यावर भाऊजींनी आधी वर बघितलं, बराच वेळ. मग मला बोटाने दाखवलं, "ती डावीकडची वाळकी फांदी दिसते? तिच्यावर लक्ष ठेव. बाकी काही नाही." मनगटाएवढी फांदी होती. मी हो म्हटलं. बारा पावलं मागे जाऊन उभा राहिलो, शिट्टी दातात धरली. त्यांनी मशीन चालू केलं, बुंध्याला लावलं, आणि घरघर सुरू झाली.

शिट्टी दातात असली की श्वास घेताना ती बारीक वाजत राहते. त्या बारीक आवाजाने मला मशीन नीट ऐकू येईना. मी शिट्टी तोंडातून काढली. ती दोरीवर छातीशी लोंबत राहिली. आणि मी डोळे मिटले.

किती वेळ, ते मी सहा वर्षं मोजतोय. पाच सेकंद म्हणतो, मग आठ म्हणतो. घरघर गेली आणि आवाज स्वच्छ झाला. ताई, तो फार सुंदर झाला होता. तसा मी पुन्हा कधी ऐकलेला नाही. मला वाटतं मी हसत होतो. मग मशीन क्षणभर टिपेला गेलं आणि रेस सुटली. मी मनात म्हटलं, टिपेला जातंय म्हणजे पेट्रोल थोडं कमी पडतंय, स्क्रू पाव फेरा सोडायला हवा. हे सगळं वाक्य म्हणून झाल्यावर मी डोळे उघडले.

ते पडलेले होते. फांदी त्यांच्या मानेपाशी आडवी होती. मशीन शेजारी पाचोळ्यात चालूच होतं, हळू, एकसारखं, जराही न अडखळता. ते मी बंद केलं. आधी मशीन बंद केलं, मग त्यांच्याकडे गेलो. हेही लिहून ठेवतो.

लोक धावत आले. कोणीतरी विचारलं, शिट्टी वाजवली नाहीस का रे, आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, वाजवली. पुढचं सगळं त्या एका शब्दाला टेकू द्यायला होतं. वारा त्यासाठीच आणला. शिट्टी हरवली तीही त्यासाठीच. ती हरवलेली नाही. माझ्या पॉलिश पेपरच्या डब्यात तळाशी आहे, त्याच दोरीसकट. रोज त्या डब्यात हात घालतो.

आणि मागे एका पत्रात मी सायलेन्सरचा दोष कबूल केला, हलकं वाटतंय म्हणून लिहिलं. लाज वाटते. लहान चोरी कबूल करून मोठी पोटात ठेवली, आणि त्या अर्ध्या कबुलीवर विश्वास ठेवून तुझी पोरगी मला वर बघायला उभं करायला निघाली. जीव तोडून वाजवली असशील ना, असं ती मला माझ्याच शेडमध्ये विचारून गेली.

तू म्हणशील, आता डोळे उघडे ठेव म्हणजे झालं. ताई, मी तुला तसं वचन देऊ शकत नाही. मीटर उगाच घेतलेलं नाही. चांगलं लागलेलं मशीन लाकडात शिरलं की माझ्या पापण्या मला विचारत नाहीत.

हे पत्र खारूला वाचायला दे. मामा येणार नाही म्हणावं, आणि का ते त्याच्याच अक्षरात वाच. मला तिच्या तोंडावर सांगता आलं नाही. भित्रा आहे मी. माफी मागत नाही, कारण तू दिलीस तर ती घेऊन मी काय करू ते मला कळत नाही.

बारक्या


१२ मार्च

ताई,

परवाचं तू अर्धं बघितलंस, अर्धं मी. म्हणून लिहितोय.

मशीन तयार होतं. नवा सिलिंडर, नवा पिस्टन, बंद सायलेन्सर, सगळं मीटरवर लावून पुसून ठेवलं होतं. सकाळी खारू आली. नुसती दारात उभी राहिली. मामा म्हणाली नाही. मी बस म्हटलं तर बसली नाही.

"जुना सायलेन्सर कुठे आहे?"

खाली खोक्यात होता. मी बोट दाखवलं.

"लाव."

मी विचारलं नाही कशाला. दोन बोल्ट असतात फक्त, पण माझ्या हातून एक तीनदा निसटला. तिने तो उचलून दिला, तिन्ही वेळा. मग म्हणाली, "शिट्टी." मी डबा उपडा केला आणि शिट्टी काढून तिच्यापुढे धरली. ती घ्यायला तिने हात पुढे केला नाही. "गळ्यात घाल," म्हणाली.

तिच्याच गाडीतून निघालो. उतारावर पोचल्यावर तिने सांगितलं, "आई अंगणात कपड्यांच्या दोरीपाशी उभी आहे. तिला काही माहीत नाही कधी वाजणार. मलाही सांगू नकोस. त्या दिवशी उभा होतास तिथे उभा राहा." तिथे मला जागा शोधावी लागली नाही. झाड नंतर कोणी पाडलं, उरलेला बुंधा राखाडी पडलाय, मधोमध चीर गेलीय, पण त्या दिवशी पडलेला काप अजून दिसतो. मी त्याच्यापासून बारा पावलं मोजली. मोजायची गरज नव्हती.

खारूने कानांवर आवाज अडवणारे कप चढवले, भाऊजींचेच. माझ्याकडे पाठ केली. मशीन चालू केलं, पूर्ण रेस दिली आणि त्याच बुंध्यात घातलं. भुसा उडाला. फुटक्या सायलेन्सरचा आवाज समोरच्या टेकडीवर आपटून परत येत होता. घरघर आली. मग ती गेली आणि आवाज स्वच्छ झाला. सिलिंडर नवा होता, तरी झाला. माझ्या पापण्या जड झाल्या. खोटं लिहीत नाही, आता काय उरलंय खोटं लिहायला. शिट्टी दातात होती आणि श्वासाबरोबर बारीक वाजत होती. मी ती वाजू दिली. वर बघितलं. वर काही नव्हतं, झाडच नाही तर काय असणार, पण मी जिथे ती फांदी होती तिथे बघत राहिलो. ती जागा मला अजून पाठ आहे.

मग जेवढा श्वास होता तेवढा शिट्टीत घातला.

खारूचं बोट रेसवरून सुटलं. मशीन टाकून ती दोन ढांगांत बाजूला झाली, बापाने शिकवलं तशी, मागे न बघता. मशीन बुंध्याजवळ हळू चालत राहिलं. तिने आधी कप काढले, मग येऊन ते बंद केलं. चेनमध्ये अडकलेला भुसा बोटाने काढला.

"आलं ऐकू," म्हणाली. "कप असून. एवढा आवाज असून."

मी मान हलवली.

तिने माझ्याजवळ येऊन शिट्टी माझ्या गळ्यातून काढली. दोरी कानात अडकली ती तिनेच सोडवली, हात हळू होता तिचा. स्वतःच्या शर्टाला पुसून खिशात टाकली. "शाळेमागे आई बघणार आहे वर," एवढं बोलून मशीन उचलून ती उतारावरून तुझ्याकडे निघाली. मी चालत बसथांब्यापर्यंत आलो. तू मला घरी बोलावलं नाहीस, मी आलोही नाही. बरोबर झालं ते.

बंद सायलेन्सर काल टेम्पोवाल्याबरोबर पाठवलाय, तो बसवून घे. बोल्ट गरम झाल्यावर एकदा पुन्हा आवळायचे.

आणि पंधरा तारखेला झाडाखाली उभी राहशील तेव्हाचं सांगतो. मी कोण सांगणारा, हे तुझ्या मनात येईल, पण ज्याच्याकडून चुकलं त्याला ती जागा जास्त माहीत असते. पायाखालचे दगड आधी बाजूला कर, म्हणजे तोल सांभाळायला खाली बघावं लागणार नाही. शिट्टी दातातून काढू नकोस, घसा सुकला तरी. मशीनचा आवाज कानावर येईल. मी ते मीटरने लावलंय, तरी लाकडात शिरल्यावर ते गोड वाजणार, त्याला इलाज नाही. ऐकू नकोस. खारूकडेही बघू नकोस, पोटची असली तरी. ती काय करते ते तिचं ती बघेल. तू वर बघ. आणि शंका आली तर वाजव. सात झाडांत सत्तर वेळा वाजवलीस तरी चालेल, पोरगी वैतागेल, वैतागू दे.

एक राहिलं. मी उभा होतो तिथून खारूच्या पाठीपलीकडे, उताराच्या तळाशी तुमचं अंगण दिसतं. शिट्टी वाजली तेव्हा मला तू दिसलीस. दोरीपाशी होतीस, हातात काहीतरी पांढरं होतं. तू दचकून दोन पावलं बाजूला झालीस. तुझ्या डोक्यावर नुसती दोरी होती, तरी झालीस.

भाऊजींना एक पाऊल पुरलं असतं.

बारक्या